इअरफोनची पारख

माझी पुतणी गाणे शिकते. घर दोन खोल्यांचे आणि माणसे सहा. रात्रपाळी करून आलेले वडील सकाळी झोपलेले असतात, तर थोरला भाऊ परीक्षेच्या अभ्यासात गढलेला असतो. अशा वेळी तानपुरा मोठ्याने लावून बसणे तिला बरे वाटत नाही. म्हणून गायनाच्या बाईंनी दिलेली ध्वनिमुद्रणे ती कानात इअरफोन घालून ऐकते. एकेक हरकत दहा-दहा वेळा ऐकावी, मनात घोळवावी आणि संध्याकाळी बाईंसमोर गाऊन दाखवावी, असा तिचा नेम आहे.

गेल्या वर्षी या नेमात तीनदा खंड पडला. तीनही वेळा कारण एकच होते. "काका, याचाही एक कान मुका झाला," असे म्हणत ती तिसरा इअरफोन हातात घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. खाऊचे पैसे साठवून तिने तो घेतला होता. पिनेजवळची वायर थोडी वाकवून धरली की आवाज येई, आणि हात सोडला की जाई. दोन दिवसांनी तोही बंद झाला.

आम्ही तो इअरफोन बाजारातील एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने जुनी वायर कापली आणि जवळच्या एका वायरीचा तुकडा तात्पुरता जोडून पाहिला. काय आश्चर्य! दोन्ही बाजू पहिल्यासारख्या स्पष्ट बोलू लागल्या. म्हणजे इअरफोन मेला नव्हता, मेली होती ती केवळ त्याची वायर. "मग नवी वायर जोडून द्या," असे मी म्हणालो. तो हसून म्हणाला, "साहेब, हे इअरफोन उघडण्यासाठी केलेलेच नाहीत. फोडून जोडायचे म्हटले, तर मजुरीच्या पैशांत नवा येतो." त्याचे म्हणणे खरे होते. पण घरी येताना पुतणीने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जाईना. ती म्हणाली, "काका, दांडा मोडला म्हणून कोणी कुऱ्हाड टाकून देतो का?"

मुलांनो, हा प्रश्न लहान असला, तरी त्यात वस्तूंची पारख करण्याचे एक मोठे सूत्र दडलेले आहे. कुऱ्हाडीचे पाते पोलादी असते, ते वर्षानुवर्षे टिकते. दांडा लाकडाचा असतो, तो कधी ना कधी मोडतो. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी पात्याला भोक ठेवले आणि दांडा त्यात ठोकून बसवला. दांडा मोडला, की नवा घालावा. सांगली जिल्ह्यातील मिरज गावाकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे सतारी आणि तानपुरे तयार होत आले आहेत, आणि २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याचा भोपळा आणि दांडी नीट जपली, तर दोन पिढ्यांना पुरतात. तारा मात्र गंजतात आणि तुटतात. म्हणून त्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात. तार तुटली, तर वादक नवी तार लावतो, तो तानपुरा फेकून देत नाही. जो भाग आधी झिजणार, तो सुटा असावा, हेच ते सूत्र होय.

हे सूत्र इअरफोनला लावण्यापूर्वी त्याची रचना समजून घेऊ. कानाच्या आत घालण्याच्या इअरफोनची कल्पना फार नवी नाही. अर्नेस्ट मर्केदिए नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८९१ साली कानात बसणाऱ्या दूरध्वनीचे एकस्व घेतले होते. आवाज देणाऱ्या नळीवर रबराचे आवरण असावे, म्हणजे कानाला त्रास होणार नाही, हा विचारही त्याने तेव्हाच केला होता. आजचा साधा इअरफोन आपण मनातल्या मनात उघडून पाहू. त्यात एक छोटेसे लोहचुंबक असते. त्याच्याजवळ केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे असते, आणि ते वेटोळे एका पातळ पडद्याला चिकटवलेले असते. फोनमधून येणारी वीज सतत कमी-अधिक होत वेटोळ्यातून वाहते. वीज वाहू लागली, की वेटोळे स्वतःच चुंबकासारखे वागते. शेजारचे लोहचुंबक त्याला कधी ओढते, कधी ढकलते. वेटोळ्याबरोबर पडदा पुढे-मागे हलतो, पडद्याबरोबर हवा हलते, आणि ती हालचाल आपल्या कानाच्या पडद्यावर जाऊन पोचते. यालाच आपण आवाज म्हणतो. या लहानशा डबीत झिजण्यासारखे फार थोडे असते. ती पाण्यात पडली नाही, पायाखाली आली नाही, तर अनेक वर्षे काम देते.

वायरीची गोष्ट निराळी. वायरीच्या आत तांब्याचे अतिशय बारीक धागे असतात. आपण इअरफोन खिशात कोंबतो, फोनभोवती करकचून गुंडाळतो, वायर धरून पिन ओढतो. प्रत्येक वेळी ते धागे वाकतात. कागदाला लावण्याची एक टाचणी घ्या आणि ती एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. पहिल्या वाकण्याने ती तुटत नाही, दुसऱ्यानेही नाही. पण काही वेळाने ती त्या जागी अचानक तुटून हातात येते. याला धातूचा थकवा म्हणतात. प्रत्येक वाकण्याबरोबर धातूत सूक्ष्म भेगा पडतात आणि त्या हळूहळू वाढत जातात. इअरफोनची वायर पिनेच्या मुळाशी आणि डबीच्या तोंडाशी सर्वांत जास्त वाकते, म्हणून ती बहुधा तेथेच तुटते. वरचे रबरी आवरण धड दिसते, आतले धागे मात्र तुटलेले असतात. वायर वाकवली की आवाज येतो आणि सोडली की जातो, याचे कारण हेच. तुटलेली टोके क्षणभर एकमेकांना टेकतात आणि पुन्हा दुरावतात.

ही अडचण रंगमंचावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतांना विशेष जाणवली. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यात कानातले इअरफोन वापरण्याची पद्धत रूढ झाली. भर कार्यक्रमात वायर तुटली, तर गायकाने काय करावे? म्हणून त्यांच्या इअरफोनची वायर सुटी करण्यात आली. डबीला एक लहानशी खोबण ठेवली आणि वायरीच्या टोकाला त्या खोबणीत बसणारी जोडणी दिली. असे इअरफोन पूर्वी फार महाग असत. आता तसे राहिलेले नाही. चीनमधील चेंगडू शहरातील मूनड्रॉप या कंपनीचे उदाहरण पाहा. तिने २०२२ साली 'चू' नावाचा स्वस्त इअरफोन काढला. त्याची वायर डबीला कायमची जोडलेली होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२३ साली, तिने त्याची दुसरी आवृत्ती काढली. या आवृत्तीची वायर काढता-घालता येत होती, आणि किंमत मात्र जवळजवळ पहिल्याइतकीच होती. सुटी वायर ही श्रीमंतांची चैन राहिलेली नाही, हे यावरून दिसते. दोन हजार रुपयांच्या आत असे अनेक इअरफोन आज मिळतात.

सुट्या वायरीच्या जोडण्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात वायरीच्या टोकाला दोन बारीक सुया असतात. प्रत्येक सुईची जाडी साधारणपणे ०.७८ मिलिमीटर असते. या सुया डबीच्या दोन भोकांत सरळ खुपसायच्या. दुसऱ्या प्रकारात एक लहान गोल जोडणी असते. ती दाबली की टच्‌ असा आवाज होऊन बसते आणि बसल्यावरही भोवऱ्यासारखी फिरू शकते. तिला एमएमसीएक्स असे म्हणतात. दोन्ही प्रकार चांगले आहेत. मात्र एकाची वायर दुसऱ्याला चालत नाही. शिवाय दोन सुयांच्या जोडणीतही काहींची खोबण वर उचललेली असते, तर काहींची आत गेलेली असते. म्हणून नवी वायर घेताना जुनी वायर दुकानात न्यावी, आणि ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहूनच दुसरी घ्यावी. ज्या जोडणीची वायर कोणत्याही एका कंपनीकडेच मिळते, तिच्यापासून दूर राहावे. तशी वायर उद्या मिळेनाशी झाली, तर सुट्या वायरीचा उपयोग काय?

दोन सुयांची वायर बसवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका बाजूच्या सुया उलट बसल्या, तर एका कानातील पडदा पुढे जात असताना दुसऱ्या कानातील पडदा मागे जातो. मग डग्ग्याचा घुमारा विरळ वाटतो, आणि गायकाचा आवाज डोक्याच्या मध्यभागी येण्याऐवजी विखुरल्यासारखा होतो. वायरीवरच्या खुणा पाहून ती बसवली, की हा दोष राहत नाही. उजव्या बाजूला बहुधा तांबडी खूण असते. आणि सुटी वायर आहे म्हणून ती रोज काढू-घालू नये. तसे केल्याने खोबण सैल होते.

वायरीची ओळख झाली. पण केवळ वायर सुटी आहे एवढ्यावर इअरफोन चांगला ठरत नाही. दांडा उत्तम असला, तरी बोथट पाते घेऊन लाकूड तुटत नाही. म्हणून पुढील गोष्टीही पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे तो कानात कसा बसतो ती. चांगल्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांच्या रबरी टोप्या येतात. टोपी कानाच्या नळीत हळुवारपणे बसावी, दुखू नये, आणि बाहेरचा गलका कमी व्हावा. टोपी सैल असली, की खालच्या पट्टीचा आवाज निसटून जातो आणि चांगला इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाटतो. कित्येकांचे दोन्ही कान सारख्या मापाचे नसतात. तसे असेल, तर एका कानाला लहान आणि दुसऱ्याला मध्यम टोपी लावण्यात काहीच गैर नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. दुकानदाराने लावलेले धडाकेबाज गाणे ऐकून भुलू नये. आपल्या रोजच्या परिचयाचे गाणे लावावे. भजन असेल तर अधिक चांगले, कारण त्यात सर्व पट्ट्यांचे आवाज असतात. पखवाजाची किंवा डग्ग्याची थाप ऐकावी. ती गोल आणि भरीव हवी, पण तिने गायकाचा आवाज झाकता कामा नये. मग गायकाचे शब्द ऐकावेत. तो समोर बसून गातो आहे असे वाटले पाहिजे. शेवटी टाळांचा किणकिणाट ऐकावा. तो स्पष्ट हवा, पण कानाला टोचता कामा नये. माझ्या पुतणीने यापेक्षा एक कठीण कसोटी लावली. तिने तानपुरा ऐकला. तानपुऱ्याच्या चार तारांतून मूळ स्वराबरोबर अनेक बारीक स्वर उमटत असतात. हलक्या इअरफोनमध्ये त्यांचा नुसता गुंजारव ऐकू येतो, चांगल्यामध्ये एकेक तार वेगळी कळते.

तिसरी गोष्ट म्हणजे डबीवरचे आकडे. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकू येतात. डबीवर ४०,००० हर्ट्झ लिहिले, म्हणून आवाज दुप्पट चांगला होत नाही. जे आपल्याला ऐकूच येत नाही, त्याचे पैसे कशाला मोजावे? त्याचप्रमाणे एका डबीत चार-चार पडदे बसवले, की आवाज चौपट गोड होतो, हाही भ्रम आहे. एकाच पडद्याचा, पण काळजीपूर्वक जुळवलेला इअरफोन पुष्कळदा सरस ठरतो. आकड्यांपैकी एक मात्र पाहावा. तो म्हणजे विजेला होणारा अडथळा. तो १६ ते ३२ ओम असेल, तर साध्या फोनवरही आवाज पुरेसा येतो.

चौथी गोष्ट पिनेची. ३.५ मिलिमीटरची गोल पिन १९७९ सालच्या सोनी वॉकमनपासून घरोघरी पोचली. पण आता अनेक फोनना ते गोल भोक राहिलेले नाही, त्यांना सी-टाईप पिन लागते. येथेही सुट्या वायरीचा फायदा होतो. उद्या फोन बदलला, तर सी-टाईप पिनेची दुसरी वायर लावली की काम झाले. डबी जुनीच चालते. बिनवायरीचे इअरफोन सुटसुटीत असतात हे खरे, पण त्यांच्या पोटात इवलीशी बॅटरी असते. दोन-तीन वर्षांनी ती थकते, आणि बहुधा ती बदलता येत नाही. म्हणजे जो भाग आधी झिजणार, तोच आत बंद करून ठेवलेला असतो.

आता हिशेब करून पाहू. समजा, चारशे रुपयांचा इअरफोन वर्षातून तीनदा घ्यावा लागला, तर तीन वर्षांत ३,६०० रुपये जातात आणि नऊ मोडके इअरफोन कचऱ्यात पडतात. त्याऐवजी १,६०० रुपयांचा इअरफोन घेतला आणि तीन वर्षांत चारशे रुपयांच्या दोन वायरी बदलल्या, तर २,४०० रुपये लागतात. कचऱ्यात जातात त्या केवळ दोन वायरी. शिवाय तीनही वर्षे कानाला चांगला आवाज मिळतो तो वेगळाच. मात्र सुरुवातीला एकदम जास्त पैसे द्यावे लागतात, ही अडचण खरी आहे. ज्याच्यापाशी आज चारशेच आहेत, त्याला हा हिशेब सांगून काय उपयोग? त्याने थोडे थांबावे, पैसे साठवावेत, तोवर कोणाचा तरी इअरफोन नव्या टोप्या लावून वापरावा. घाईने घेतलेली स्वस्त वस्तू पुष्कळदा सर्वांत महाग पडते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा पाठ पुरा करता येणार नाही. इअरफोनची वायर बदलता येते, कान बदलता येत नाही. आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाची कंपने त्या मेंदूला कळवतात. फार मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली यासंबंधी एक मर्यादा सुचवली. मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची असावी. आवाज तीन डेसिबलने वाढला, की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ डेसिबलला अवघे १० तास. कानात घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा गलका अडवतो, त्यामुळे कमी आवाजातही गाणे नीट ऐकू येते. हा त्याचा खरा गुण होय. पण तोच गुण रस्त्यावर घातक ठरतो. मागून येणाऱ्या मोटारीचा भोंगा ऐकू येत नाही. म्हणून रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांजवळ इअरफोन काढून खिशात ठेवावा. टोप्या वरचेवर धुवाव्यात आणि कोरड्या करून लावाव्यात.

माझ्या पुतणीने सहा महिने पैसे साठवले. मग आम्ही मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. विजेच्या लहानमोठ्या वस्तूंसाठी तो भाग प्रसिद्ध आहे. चार दुकाने हिंडून, तानपुऱ्याची कसोटी लावून, तिने दोन सुयांच्या जोडणीचा एक इअरफोन निवडला आणि पावती जपून ठेवली. वर्षभराने एके दिवशी त्याचाही उजवा कान मुका झाला. मला वाटले, आता पुन्हा डोळे भरून येणार. पण तिने शांतपणे जुनी वायर काढली, आणून ठेवलेली नवी वायर खुणा पाहून बसवली, आणि दोन मिनिटांत तानपुरा पुन्हा वाजू लागला. त्या दिवशी रियाजात खंड पडला नाही.

जुनी वायर तिने टाकून दिली नाही. तुटलेला तुकडा कापून उरलेल्या तांब्याच्या धाग्यांनी तिच्या भावाने शाळेच्या प्रयोगासाठी विद्युतचुंबक तयार केले.

शब्दार्थ
एकस्व – नव्या शोधावर शोधकाला मिळणारा कायदेशीर हक्क. खोबण – एखादी वस्तू बसवण्यासाठी ठेवलेली खोलगट जागा. गुंजारव – गुणगुणल्यासारखा सतत आवाज. अंतर्कर्ण – कानाचा आतला भाग. सरस – अधिक चांगला.

अभ्यास
१. दुरुस्तीवाल्याने इअरफोन दुरुस्त करण्याचे का नाकारले?
२. कुऱ्हाड आणि तानपुरा यांच्या उदाहरणांतून लेखकाने कोणते सूत्र सांगितले आहे?
३. वायर वाकवल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'इअरफोनची वायर बदलता येते, कान बदलता येत नाही.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. खंड पडणे, भुलणे, कसोटी लावणे – यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या घरातील पाच वस्तू पाहा. प्रत्येकीचा कोणता भाग आधी झिजतो आणि तो बदलता येतो की नाही, याचा तक्ता तयार करा.